टीव्ही आला, नकाशे आहेत, पण तास हातात राहत नाही. कसं शिकवावं?

वडूजकडचे गुरुजी

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातली जि. प. शाळा, सहावी-सातवी मिळून ३४ मुलं. वर्गात ४३ इंची टीव्ही बसलाय, एक जुना लॅपटॉप आहे. इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. तास ३५ मिनिटांचा.

अडचण अशी की व्हिडिओ लावला की मुलं गप्प बसून बघतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर "लई भारी होता" एवढंच सांगतात. भिंतीवरचा नकाशा काठीनं दाखवला तर तेवढंही नाही. चार नेमके प्रश्न आहेत:

१. प्रतापगडाचं युद्ध शिकवायला कुठला नकाशा घ्यावा?
२. पर्जन्यछायेचा प्रदेश (डोंगरामागचा कमी पावसाचा भाग) आमच्याच तालुक्याला लागू आहे, तरी पोरांना पटत नाही. काय दाखवू?
३. ऋतूंचे व्हिडिओ बघून गोंधळ वाढतो. असं का?
४. पेन ड्राइव्हवरचे अर्धे व्हिडिओ टीव्ही उघडतच नाही.

"मुलांना रस निर्माण करा" छापाचं उत्तर नको, कृपया.

---

गडवाटा

गुरुजी, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. पुस्तकातला बाणांचा नकाशा प्रतापगडाला पुरत नाही, कारण त्यात उंची नसते आणि त्या युद्धाचा सगळा डाव उंचीवर आहे. तुम्हाला सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट (उंचीच्या रेषा असलेला सविस्तर नकाशा) हवी. त्यांच्या पोर्टलवर खातं उघडलं की पीडीएफ फुकट मिळते. जुन्या क्रमांकानं प्रतापगड-महाबळेश्वर ४७ जी/९ मध्ये येतं, वाई शेजारच्या ४७ जी/१३ मध्ये. (नव्या मालिकेत क्रमांकाची पद्धत वेगळी आहे, तेव्हा अक्षांश-रेखांशावरून शोधा. सातारा शहर तर जवळपास ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे दोन शीटांच्या जोडावर येतं. शहराचे दोन तुकडे झालेले बघून घाबरू नका.)

प्रमाण १:५०,०००, म्हणजे २ सेमीला १ किमी. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) दर २० मीटरला, आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे १०० मीटरची. मुलांना फक्त जाड रेषा गिरवायला द्या. बारीक रेषांत सह्याद्रीच्या कड्यावर मोठ्या माणसाचंही बोट हरवतं.

छापताना इथं चूक होते: प्रिंटरवर "फिट टू पेज" राहिलं की प्रमाण गेलं. पूर्ण शीट साधारण ५३ गुणिले ५५ सेमीची असते, ती ए-४ वर कोंबली तर २ सेमीला १ किमी कसा राहील? प्रतापगड ते जुनं महाबळेश्वर एवढाच १० गुणिले ७ किमीचा तुकडा कापा. तो २० गुणिले १४ सेमी होतो, ए-४ वर मूळ मापात बसतो. मग झेरॉक्सवाल्याकडून ए-३ वर २०० टक्के मोठा करून घ्या. आता प्रमाण १:२५,००० झालं, म्हणजे ४ सेमीला १ किमी. खात्रीसाठी नकाशाखालच्या प्रमाणपट्टीला फूटपट्टी लावून बघा.

याच ए-३ वरून पुठ्ठ्याचं उठावाचं मॉडेल होतं. या प्रमाणात १०० मीटर म्हणजे ४ मिमी. टीव्हीच्या खोक्याचा जाड पाचपदरी पुठ्ठा साधारण ५ मिमी असतो, तो चालेल. उंची सव्वापट दिसेल, तेवढं मुलांना सांगून टाका. पश्चिमेचा कोकणात उतरणारा भाग सोडून दिला तर सात-आठ थरांत काम भागतं.

एक गोष्ट हमखास चुकते. प्रत्येक थरावर दोन रेषा गिरवायच्या: जिथून कापायचं ती, आणि तिच्या वरच्या थराची. दुसरी विसरली तर वरचा थर नेमका कुठं चिकटवायचा ते कळत नाही आणि शिखर दरीत जाऊन बसतं.

मॉडेल झालं की १० नोव्हेंबर १६५९ च्या युद्धाची वाट त्यावर नुसत्या दोऱ्यानं आखा. अफजलखानाची छावणी वाईला. फौजेचा मोठा भाग मागे ठेवून तो रडतोंडीच्या घाटानं पार गावाला उतरला. मुलांना एकच प्रश्न: हत्ती, तोफा आणि मोठं घोडदळ या दोऱ्यावरून कसं नेशील? आणि परत कसं आणशील? व्हिडिओ त्यानंतर, तोही गडाची माची आणि जावळीचं रान दाखवणारा, दोन-तीन मिनिटांचा. भेटीच्या प्रसंगाचे नाट्यरूपांतर आधी लावलं तर मुलं वाघनखांत अडकतात आणि दरीकडे कोणी बघत नाही.

---

इतिहासाचा चष्मा

गडवाटा यांच्या उत्तराला एक जोड हवी, नाहीतर टोपोशीटच फसवेल. ती आजची आहे. पसरणी घाटाचा डांबरी रस्ता, आंबेनळी घाट, वाईच्या पश्चिमेला धोम धरणाचं पाणी, तापोळा-बामणोलीकडे पसरलेला शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय), यातलं १६५९ मध्ये काहीही नव्हतं. कोयना धरणच १९६० च्या दशकातलं. निळा रंग बघून मुलं बेधडक लिहितात की "खानाला तलाव आडवा आला".

उपाय स्वस्त आहे. खाली डोंगर आणि नद्या एवढाच कागद. वर पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद, एकेका काळाचा एकेक, कायम शाईच्या मार्करनं. (साध्या स्केचपेनची शाई प्लॅस्टिकवर धरत नाही, बोट लागलं की पुसते.) सगळ्या कागदांच्या चारही कोपऱ्यांत फुलीची खूण करा. खुणा जुळल्याशिवाय बोलायचं नाही, हा वर्गाचा नियम.

तुमच्या भागाला याचा खरा उपयोग प्रतिसरकार (ब्रिटिशांविरुद्धचं समांतर सरकार) शिकवताना होईल. १९४३ ते ४६ चा "सातारा जिल्हा" म्हटलं की मुलं आजचा सातारा डोळ्यांसमोर आणतात आणि मग वाळवा, तासगाव, शिराळा इथले क्रांतिकारक "सांगलीचे कसे?" असं विचारतात. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याचं सांगली असं नामकरण १९६० मध्ये. शिवाय मध्येमध्ये संस्थानं होती. सांगली, मिरज पटवर्धनांची. औंध संस्थान तर तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. ब्रिटिश मुलूख एका रंगात आणि संस्थानं दुसऱ्या रंगात रंगवा. कुंडल हे तुफान सेनेचं (प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं) केंद्र का ठरलं यावर मुलं मग स्वतः तर्क करतात. जून १९४३ ची शेणोलीची लुटलेली पगाराची रेल्वेगाडी दाखवायची तर रेल्वेमार्ग आधी काढा, प्रसंग मागून येऊ द्या.

आणि एक कायद्याची बाब. परदेशी व्हिडिओंत भारताची उत्तर सीमा बऱ्याचदा तुटक किंवा चुकीची असते. वर्गात दाखवण्याआधी ते दृश्य तपासा, सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नसेल तर तो भाग कापा.

---

कृष्णाकाठ

प्रश्न दोन. लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे. चिपळूणपासून कोयनानगर, कराड, विटा, आटपाडी अशी रेषा ओढा. रेषा सेव्ह करून तिच्यावर उजवं बटण दाबलं की "शो एलिव्हेशन प्रोफाइल" येतं, म्हणजे उंचीचा आलेख. हे घरच्या वायफायवर करून आलेखाचं चित्र जतन करून न्या. वर्गात हॉटस्पॉटवर हा खेळ करू नका, अर्धा तास नुसती चकती फिरेल.

पण तो आलेख खोटं बोलतो. उभा अक्ष इतका ताणलेला असतो की सह्याद्री सुईसारखा दिसतो. म्हणून तीच रेषा फळ्यावर खऱ्या प्रमाणात काढा. अंतर सरळ रेषेत साधारण १५० किमी. १ सेमीला १ किमी धरलं तर फळ्यावर दीड मीटर लांब, आणि १,००० मीटर उंची फक्त १ सेमी! एवढ्याशा उंचवट्यानं सगळा पाऊस अडतो हे बघून मुलं चकित होतात. तो प्रश्न तसाच लटकू द्या, मग हवा वर चढताना थंड होते आणि बाष्प सांडते हे शिकवा. नंतर उंची दहापट ताणून दुसरी रेषा काढा आणि "दहापट" असं शेजारी लिहा.

त्या रेषेखाली पावसाचे खांब: कोयनानगर ४,००० मिमीच्या वर, कराड ७०० च्या आसपास, आटपाडी ५०० च्या आगेमागे. हे ढोबळ आहेत. मुलांकडून तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे तहसीलमधून आणवलेत तर वडूजचा खांब तेच उभा करतील.

कराडच्या प्रीतिसंगमाचा ड्रोन व्हिडिओ मात्र जरूर दाखवा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन काटकोनात वळतात, हे नकाशावर सपाट वाटतं पण वरून पाहिलं की डोक्यात बसतं. सांगलीच्या पुरालाही हाच धागा पुढे न्या: कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. वर्गाच्या भिंतीवर १ सेमीला १ फूट धरून पट्टी चिकटवा. येरळा तर खटावातूनच वाहते, तेव्हा पूर "तिकडच्यांचा" राहत नाही.

---

सावलीवाला, मिरज

ऋतूंचा गोंधळ व्हिडिओमुळेच होतो. दोन कारणं. एक, पृथ्वीची कक्षा तिरकस बाजूनं दाखवतात, ती लांबुडक्या अंड्यासारखी दिसते, आणि मुलं ठरवतात की जवळ आलो की उन्हाळा. प्रत्यक्षात सर्वांत जवळ आपण जानेवारीच्या सुरुवातीला असतो, सुमारे १४.७ कोटी किमी. जुलैत १५.२ कोटी. म्हणजे थंडीत जवळ! हे दोन आकडे फळ्यावर लिहून व्हिडिओ आवाज बंद करून लावा. दुसरं, ते चार ऋतू युरोपचे: बर्फ, पानगळ, फुलं. तुमच्या पोरांचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा त्यात कुठं आहेत?

त्यापेक्षा एक मीटरची सरळ काठी, ओळंब्यानं उभी केलेली. सूर्य माथ्यावर यायची आपल्याकडची वेळ १२ नाही, साडेबाराच्या पुढेमागे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, आपण ७४ वर. साडेआठ अंश गुणिले ४ मिनिटं म्हणजे ३४ मिनिटं, त्यात ऋतूनुसार थोडा फरक. बाराला सावली मोजून "उत्तर दिशा" आखली की ती वाकडीच येते, ही नेहमीची चूक. १२ ते १ दर पाच मिनिटांनी टोकाची खूण करा, सर्वांत आखूड सावली ती खरी.

शून्य सावलीचा दिवस (सूर्य बरोबर डोक्यावर, काठीची सावली नाहीशी) सांगली-सातारा पट्ट्यात ७ ते ११ मेच्या दरम्यान येतो. दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा ढग. मेमध्ये सुट्टी असते, म्हणून गृहपाठ द्या. २१-२२ डिसेंबरची सावली मात्र शाळेतच मोजता येते, ती सर्वांत लांब. स्टेलारियममध्ये (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट, नेटशिवाय चालतं) आपलं गाव टाकून दोन्ही तारखांचा सूर्य दाखवा, मग पुस्तकातली आकृती.

---

पेनड्राइव्ह

प्रश्न चार. फाइल एमपी४ आणि आतलं एन्कोडिंग एच.२६४ ठेवा. एच.२६५ किंवा एमकेव्ही बऱ्याच टीव्हींना पचत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर आवाज एएसीमध्ये बदला. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही करतं. पेन ड्राइव्हचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. फाइलचं नाव मराठीत ठेवलं की काही टीव्ही चौकोन दाखवतात, म्हणून आकडे ठेवा: ०१, ०२. दीक्षा ॲपवर उतरवलेलं साहित्य किंवा यूट्यूबचं ऑफलाइन त्या त्या ॲपमध्येच चालतं, पेन ड्राइव्हवर जात नाही. त्यासाठी फोन एचडीएमआयनं जोडावा लागतो, आणि सगळे फोन ते देत नाहीत.

बसण्याचं बघा. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेमी. शेवटचं मूल त्याच्या सहापटीपेक्षा, म्हणजे सव्वातीन मीटरपेक्षा लांब असेल तर बारीक अक्षर वाचता येत नाही. ३४ मुलं त्यात मावणार नाहीत. म्हणून टीव्हीवर टोपोशीट लावूच नका. ती हातात, टीव्हीवर हलणारी चित्रं.

---

वडूजकडचे गुरुजी

सगळ्यांचे आभार. एकच शंका, आठ थरांचं मॉडेल ३५ मिनिटांत होईल का?

---

गडवाटा

एका तासात नाही, दोन तासांत होईल. चार-चार मुलांचे आठ गट, गटाला एक थर. उरलेली दोन मुलं रेषेवरची उंची वाचून तपासनीस. पहिल्या तासाला गिरवणं. पाचपदरी पुठ्ठा कातरीला दाद देत नाही, आणि कटर पोरांच्या हातात देऊ नका. मधल्या सुट्टीत तुम्ही स्वतः कापा. दुसऱ्या तासाला तळापासून चिकटवायचं, फेविकॉल पातळ लावून. जाड लावला तर पुठ्ठा भिजून वाकतो. वर रात्रभर पुस्तकांचं वजन ठेवा. दोरा सकाळी.