भाड्याचं घर आणि बिघडलेले नळ : आपापले अनुभव लिहा

भाड्याच्या घरात नळ बिघडला की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. बिघाड नेमका कशात, आणि खर्च कोणाचा? पहिल्याचं उत्तर नळ उघडल्यावर मिळतं. दुसऱ्याचं बऱ्याचदा घर सोडताना कळतं, अनामत रकमेतून पैसे कापले गेल्यावर. बाथरूमच्या नळांनी तुम्हाला काय काय दाखवलं ते लिहा. दुरुस्ती कशी केली, घरमालकांशी काय बोललात, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो. आमचा नळ जुन्या पद्धतीचा, गोल गोल फिरवायचा. बंद केला तरी टपकायचा, म्हणून घरातला प्रत्येक जण तो जोर लावून पिळायचा, आणि त्यामुळे गळती वाढायची. या नळांत खाली रबरी वॉशर असतो. तो पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबतं. पिळून पिळून त्या रबरावर गोल चर पडते. वॉशर बदलला की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा टपटप. शेवटी प्लंबरने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, काढून आत बोट फिरवायला सांगितलं. बैठक खडबडीत लागली. अशा बैठकीवर नवा वॉशर टिकतच नाही. ती घासून सपाट करता येते, पण आमच्या नळाचे आटेही गेले होते. मालकांचं एकच पालुपद होतं, "वॉशर बदलून घ्या." मग चिरलेले सगळे वॉशर ओळीने मांडून फोटो पाठवला. नवा नळ आला.

* * *

दुरुस्ती नाही, नुसती युक्ती. गळणाऱ्या तोटीला जाडसर सुती दोरा बांधून त्याचं टोक बादलीत सोडा. पाणी दोऱ्यावरून सरकत उतरतं, आवाज थांबतो. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला की आमच्याकडे आधी दोरा शोधतात.

* * *

पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर वॉशर शोधत बसू नका, तो त्यात नसतो. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्या ज्या डबीत बसवलेल्या असतात ते कार्ट्रिज. गळायला लागलं की अख्खं कार्ट्रिज बदलायचं. सगळे म्हणतात सोपं आहे, आणि आहेही, फक्त तुमच्या नळाचं कार्ट्रिज मिळायला हवं. कंपनीगणिक लांबी वेगळी, वरच्या दांड्यावरचे दात वेगळे. दात जुळले नाहीत तर मूठ नुसती गरगर फिरते. शिवाय जोडीच्या नळांत गरम आणि थंड बाजूची कार्ट्रिजं उलट्या दिशांनी उघडणारी असू शकतात. म्हणून जुनं काढून सोबत न्यायचं, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. मूठ सुटत नसेल तर लाल-निळ्या खुणेची टोपी नखाने उचकटून बघा, स्क्रू तिच्याखाली लपलेला असतो.

भाडेकरूची खरी पंचाईत इथे आहे. नळ कोणी, कधी, कुठून आणून बसवला हे आपल्याला माहीत नसतं. मालकांनाही आठवत नाही.

* * *

मी घरमालक आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? भाडेकरूंच्या तक्रारी वाचल्या, बऱ्याचशा पटल्या. माझी एकच विनंती आहे, लवकर सांगा. माझ्याकडे नळाची गोष्ट पोचते ती खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर डाग उठल्यावर. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब होतात, आणि ते मोरीत न जाता भिंतीत मुरत असतील तर नळाचं काम फरशी फोडण्यापर्यंत जातं. आता किल्ली देताना मी भाडेकरूसमोर प्रत्येक नळ उघडून, बंद करून दाखवतो आणि त्याचा व्हिडिओ दोघांकडे ठेवतो. कटकट वाटते, पण घर सोडताना भांडण होत नाही.

* * *

वरच्या घरमालकांना : काका, लवकर सांगितलं होतं. फोनवर. "बघतो" म्हणाले आमचे मालक. पुढच्या वेळी फोन केला तर "तुम्ही कधी सांगितलंत?" तेव्हापासून फोन झाला की त्याच दिवशी लेखी मेसेज टाकते : कोणता नळ, कुठून गळतो, कधीपासून. आणि "कुठून" हे नीट लिहायचं. तोटीतून टपकणं वेगळं, आणि नळ चालू असताना मुठीच्या बुडातून पाणी झिरपणं वेगळं. दुसऱ्यात वॉशरचा दोष नसतो, दांड्याभोवतीचं पॅकिंग किंवा रबरी कडं गेलेलं असतं. हे लिहिलं की प्लंबर योग्य सामान घेऊन येतो.

करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे" असं असतं. किरकोळ म्हणजे काय, ते सही करण्याआधी विचारा. आमच्या नव्या करारात सरळ लिहून घेतलंय, भिंतीबाहेरचं आमचं, भिंतीतलं मालकांचं.

* * *

भिंतीतलं-बाहेरचं ही वाटणी बरी आहे, पण ती सीमा नळाच्या आट्यांवरच येते. जुन्या लोखंडी पाइपात नळ गंजून बसलेला असतो. पाना लावला, जोर दिला, की आतला तुकडाच मोडतो आणि मग पाणी सगळ्या घराचं बंद. आमच्याकडे प्लंबरने हात लावण्याआधी सांगितलं, हा मोडू शकतो, मालकांना विचारून घ्या. असा प्लंबर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. मालकांनी तिथूनच फोनवर होकार दिला. तुकडा मोडलाच, पण वाद नाही.

* * *

आईला संधिवात आहे, गोल मुठीचे नळ तिला फिरवता येईनात. मालकीणबाईंना म्हटलं, लांब दांडीचे नळ आमच्या खर्चाने बसवते, जाताना जुने परत लावून देईन. त्या लगेच हो म्हणाल्या. जुने नळ पुसून, कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहून माळ्यावर ठेवलेत. भाड्याच्या घरात आपल्या पैशाने काही बदललं तर जुना भाग फेकू नये असं माझं मत. (नवे नळ आई कोपराने बंद करते आणि फार खूश आहे.)

* * *

आमचा प्रकार विचित्र. बेसिनचा गरम नळ सोडला तर कोमट पाणी. गीझर तपासला, तो ठणठणीत. मालकांनी दोनदा माणूस पाठवला, दोघांनी गीझरच उघडला. दोष शॉवरच्या मिक्सरमध्ये निघाला. त्याला बटण दाबून चालणारा हातातला शॉवर जोडलेला होता, आणि आम्ही मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून नुसतं बटण सोडायचो. बाहेरची वाट बंद, आतून गरम-थंड एकमेकांना मिळालेले. थंड बाजूचा दाब जास्त, त्यामुळे थंड पाणी गरम पाइपात शिरायचं. मिक्सरचे नळ बंद करायला लागल्यापासून पाणी कढत येतं. बेसिनचं पाणी कोमट असेल तर आधी शॉवरकडे बघा.

* * *

आमच्या फ्लॅटमधला नळ अर्धवट उघडला की भोंग्यासारखा वाजायचा. रूममेट म्हणे पाइपात हवा आहे. वॉशर ढिला होऊन थरथरत होता, तो घट्ट बसवला आणि भोंगा बंद.

* * *

एक विचारायचं होतं. बेसिनच्या नळाला धार अगदी बारीक येते, बाकीचे नळ नीट आहेत. मालकांना कळवू की आधी स्वतः काही करून बघू?

* * *

एकाच नळाचा प्रश्न असेल तर आधी तोटीच्या टोकाची जाळी हाताने फिरवून काढा. नाही सुटली तर पान्याखाली फडकं धरा, नाहीतर क्रोमवर ओरखडे उठतील आणि ते तुमच्या नावावर. जाळीत वाळूचे कण आणि जड पाण्याचे पांढरे क्षार अडकतात. ती थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. जाळी काढल्यावरही धार बारीकच असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक (त्या नळाचं पाणी बंद-चालू करणारा भिंतीतला छोटा कॉक) पूर्ण उघडा आहे ना ते बघा. तोही उघडा असेल तर मग मालकांना मेसेज टाका, आणि जाळी काढलेल्या नळाच्या धारेचा व्हिडिओ सोबत जोडा.