शब्दचर्चा : ‘लॉगिन होत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही?

विचारणा

अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यासाठी ऑर्डरी नोंदवायचं ॲप जँगोमध्ये (पायथनमधली वेब ॲप बनवायची चौकट) करतेय. वापरणारे सगळे मराठी बोलणारे, म्हणून सूचना मराठीत हव्यात. ‘फॉरेन की’साठी, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणाऱ्या फील्डसाठी, ‘परकीय कळ’ लिहिलं, तर तिथले दिवाणजी काका म्हणाले, “ही कळ दाबायची कुठं?” ऑथेंटिकेशनला, म्हणजे माणूस तोच आहे ना हे तपासण्याला, सरकारी परिभाषेत ‘अधिप्रमाणन’ आहे, आधारच्या कागदांवर ‘प्रमाणीकरण’. कुठला शब्द घेऊ? त्यात ऑर्डर सेव्ह करताना ‘क्रिएटेड बाय’ या फील्डवर एरर येतोय की इथं युजरच हवा, दुसरं काही चालणार नाही. म्हणजे फॉरेन की बिघडलीय ना, दादा?

उत्तर

फॉरेन की ठणठणीत आहे. एरर शेवटपर्यंत वाच, त्यात ‘ॲनॉनिमस युजर’ दिसेल. लॉगिन न केलेल्या माणसाची जागा जँगो रिकामी ठेवत नाही, तिथं एक अनामिक युजर उभा करतो. त्या अनामिकाची युजरच्या टेबलात ओळ नाही, आयडी नाही, मग ‘क्रिएटेड बाय’मध्ये जाणार काय? दुखणं लॉगिनचं, दिसतंय रेफरन्स फील्डवर.

आता लॉगिनचा व्ह्यू, म्हणजे ते पान हाताळणारा कोड, उघड. ‘ऑथेंटिकेट’ हे फंक्शन नाव आणि पासवर्ड ताडून बघतं, जुळलं तर युजर हातात देतं आणि तिथंच थांबतं. सेशनमध्ये, म्हणजे पुढच्या क्लिकलाही माणूस लक्षात ठेवणाऱ्या नोंदीत, त्याची नोंद करणारं फंक्शन वेगळं, त्याचं नाव ‘लॉगिन’. ते बोलवायचं राहिलं तर पासवर्ड बरोबर ठरतो, स्वागताचं पानही येतं, आणि पुढच्याच क्लिकला माणूस पुन्हा अनामिक होतो.

म्हणून माझं म्हणणं असं की एका ‘लॉगिन’ शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो, त्या सुट्या केल्याशिवाय बिघाड सापडत नाही. ओळख पटणे, सेशनमध्ये नोंद होणे आणि परवानगी असणे. ‘प्रमाणीकरण’ मी टाळेन, कारण भाषेचं किंवा मापांचं प्रमाणीकरण म्हणतो तेव्हा अर्थ पार वेगळा असतो. ‘अधिप्रमाणन’ राजपत्रात शोभतं. ‘ओळख पटली नाही’ हे मात्र बँकेत, मतदान केंद्रावर, सगळीकडं कानावरून गेलेलं आहे. ‘तुमची ओळख पटली नाही’ आणि ‘या पानाची तुम्हाला परवानगी नाही’ हे दोन संदेश वेगळे ठेवच. इंग्रजीतही इथं घोळ आहे. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम, त्यातला ४०१ हा कोड ‘अनऑथराइज्ड’ या नावाचा, पण तो येतो ओळख पटलेली नसताना. परवानगी नसल्याचा कोड ४०३.

आणखी एक विचारणा

माझ्याकडं पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी ओळख पटत नाही. ॲडमिनमध्ये युजर दिसतो.

उत्तर

युजर ‘क्रिएट’ने केलाय की ‘क्रिएट युजर’ने? पहिल्यानं पासवर्ड जसाच्या तसा टेबलात जातो, त्याचा हॅश (उलट वाचता न येणारं रूप) होत नाही, आणि ऑथेंटिकेटला तो कधीच जुळणार नाही. टेबलात पासवर्ड उघडा वाचता येत असेल तर हेच कारण. ‘सेट पासवर्ड’ वापरून सेव्ह कर. दुसरी शक्यता, खात्यावरची ‘ॲक्टिव्ह’ची खूण काढलेली असेल. तेव्हाही जँगो नेहमीच्या मांडणीत ‘नन’च (म्हणजे ‘काही नाही’) परत देतो, कारण सांगत नाही.

फॉरेन कीबद्दल एक सुचवतो

नवी पेठेत कापडाच्या पेढीवर खतावणी लिहिलीय म्हणून सांगतो, आपल्याकडं हा शब्द तयार आहे : खातेपान. रोजकिर्दीत ‘खा. पा.’चा बारीक रकाना असतो. त्यात गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लिहीत नाहीत, खतावणीत त्याचं खातं ज्या पानावर आहे तो आकडा लिहितात. दिवाणजींना एवढं सांगा, ते पुढचं आपणच सांगतील.

उत्तर

काका, फार नेमका शब्द दिलात. टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात ‘फॉरेन की’ मांडली, त्यातलं ‘फॉरेन’ म्हणजे परदेशी नव्हे, दुसऱ्या टेबलातली. खातेपानात तो अर्थ आपसूक येतो. फक्त एक फरक ताईंनी दिवाणजींना सांगावा. वहीत नसलेल्या पानाचा आकडा लिहिला तर वही गप्प बसते, डेटाबेस ती नोंदच घेत नाही. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस मात्र मुळात ही तपासणी बंद ठेवतो. जँगो ती आवृत्ती २.० पासून स्वतः चालू करतो, पण दुसऱ्या प्रोग्रॅममधून त्याच फाइलला हात लावाल तर तिथं ती आपण चालू करावी लागते. नाहीतर युजर गेला, ऑर्डर मागं राहिली, अशा पोरक्या नोंदी साचतात.

त्याच २.० पासून फॉरेन कीला ‘ऑन डिलीट’, म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं ते, सांगणं सक्तीचं आहे. सवयीनं ‘कॅस्केड’ लिहू नकोस. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा युजर कुणी डिलीट केला, तर त्यानं नोंदवलेल्या सगळ्या ऑर्डरी त्याच्याबरोबर जातील. ‘प्रोटेक्ट’ लाव, म्हणजे ऑर्डरी असेपर्यंत युजर पुसताच येणार नाही. पडद्यावर ‘खातं पुसा’ असं बटणच ठेवू नकोस, ‘खातं बंद करा’ ठेव आणि त्यामागं ती ‘ॲक्टिव्ह’ची खूण काढ. कारकुनाची ओळख पटणं थांबेल, ऑर्डरीवरचं त्याचं नाव राहील.