४२९४९६७२९७ मूळ संख्या नाही, हे कसे दाखवावे? तातडीने मदत हवी आहे

नौपाडाकर: २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही आणि पुढे कुठवर भागत राहायचे ते कळत नाही. परवा सकाळपर्यंत नेमकी रीत हवी आहे.

ऐरोलीचा अभियंता: संगणकावर चार ओळींचा प्रोग्राम लिहा, ६४१ × ६७००४१७ असे उत्तर क्षणात मिळेल.

माजिवडा मास्तर: हे कोणासाठी आणि कोणत्या साधनांनी करायचे आहे, ते आधी सांगावे. संख्येचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत, त्यामुळे नुसते भागत बसणे व्यवहार्य नाही.

नौपाडाकर: दहावीतल्या भाचीला शाळेच्या गणित मंडळात फळ्यावर मांडायचे आहे. गणकयंत्र चालणार नाही आणि ६४१ आला कुठून, हे बाई विचारणारच.

आकडेप्रेमी: नवशेष, म्हणजे ९ ने भागल्यावर उरणारी बाकी, काढावा. दिलेल्या संख्येचा नवशेष ५. ६४१ चा २ आणि ६७००४१७ चा ७. गुणाकार १४, म्हणजे पुन्हा ५. ही पद्धत शाळेत सक्तीने शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माजिवडा मास्तर: नवशेष जुळला म्हणून गुणाकार बरोबरच आहे असे ठरत नाही, आणि अवयव शोधायला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांकही २ चाच घात असलेल्या अशा संख्या मूळ असतात, असे गणिती फर्मा यांचे मत होते. ऑयलर यांनी १७३२ मध्ये ते खोडून काढले. हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, हे ऑयलर यांनी दाखवले आणि पुढे ल्युका यांनी ६४ च्या जागी १२८ आणले. म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच तपासा. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ ने भागल्यास बाकी २ उरते.

आता भागाकारही नको. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात. तसे केले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते आणि त्यात १ मिळवल्यावर ६४१ ने निःशेष भाग जातो.

आकडेप्रेमी: त्यापेक्षा भाचीने ६१७४ हा कापरेकर स्थिरांक मांडावा. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यातच झाले होते.

नौपाडाकर: विषय बाईंनी दिला आहे, तो बदलता येणार नाही. मास्तर, ६७००४१७ चेही अवयव पडतात का?

माजिवडा मास्तर: नाही. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या पुढे, २५८९ च्या आत आहे. त्याचा प्रत्येक अवयव मूळच्या ४२९४९६७२९७ चाही अवयव असतो, म्हणून १२८ च्या पटीत १ मिळवून तिथवर येणाऱ्या मूळ संख्यांतून २५७ वगळल्यास ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच उरतात. त्यांनी भागल्यास बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. हे चार भागाकार मात्र भाचीने स्वतः करून पाहावेत.