व्हिप सरकार तारण्या-पाडण्यापुरताच ठेवावा का?

कोरा कागद :

अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण बघत बसलो होतो. एक विधेयक आलं, दोघंतिघं बोलले आणि मग नेहमीचं: बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत. सत्ताधारी बाकावरचे एक आमदार आठवडाभर आधी आपल्या मतदारसंघात त्याच विधेयकातल्या एका कलमावर तावातावाने बोलले होते. ‘होय’ म्हणताना त्यांचा आवाज बाकीच्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

तर माझं म्हणणं असं. पक्षांतरबंदी कायदा रद्द करू नका, पण व्हिपचा, म्हणजे अमुकच मत द्या या पक्षाच्या आदेशाचा, दात फक्त दोन ठिकाणी ठेवा: विश्वास-अविश्वास ठराव आणि अर्थविधेयक. बाकी कुठल्याही मतदानात आमदार पक्षाविरुद्ध गेला तर पक्षाने त्याला खुशाल काढावं, पुढचं तिकीट कापावं. आमदारकी मात्र जाऊ नये. ती पक्षाने दिलेली नाही.

हा कायदा का आला ते सगळ्यांना माहीत आहे. १९६७ मध्ये हरियाणातल्या हसनपूरचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि भाषेला ‘आयाराम गयाराम’ मिळाला. १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट आलं. त्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर ‘फूट’ मान्य होती. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली, पण दोन तृतीयांशांचं ‘विलीनीकरण’ राहिलं. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. सगळे सहीसलामत. म्हणजे किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक विक्रीला परवाना. आणि ज्या बिचाऱ्याला पक्ष सोडायचाच नाही, फक्त एका कलमाला विरोध करायचाय, तो मात्र अपात्र.

ब्रिटनमध्ये १५ जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला, तो ३२५ विरुद्ध ३०६ ने फेटाळला गेला. म्हणजे ‘तुमचं सरकार हवं, तुमचा करार नको’ असं सांगता येतं. आपल्याकडे हे वाक्य उच्चारायची सोयच नाही.

माजी नगरसेवक :

तुम्ही प्रक्षेपण बघून मत बनवलंत, मी व्हिप हातात घेऊन बनवलंय. आमच्या नगरपरिषदेलाही असाच कायदा लागू आहे, १९८६ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा. निवडून आलो की जिल्हाधिकारी कार्यालयात गट नोंदवायचा, गटनेता ठरवायचा, तो व्हिप काढणार. अपात्रतेचा अर्जही तिथेच, जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

उपनगराध्यक्षाच्या निवडीआधी आमचे चार जण सहलीला गेले. (सहल म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको.) फोन बंद. मग गटनेत्याने व्हिप त्यांच्या दारांवर चिकटवला, दोन पंच उभे केले, त्या दिवसाचा पेपर दाराला टेकवून फोटो काढला. एकाच्या आईने तो कागद खरवडून काढला आणि त्यावर भाजी निवडली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मीही तेव्हा नवखा होतो. समोरच्या गटाची माणसं घरी आली, चहा झाला, आकडा झाला. माझ्या धाकट्या भावाचं दुकान नगरपरिषदेच्या गाळ्यात, त्याची आठवणही प्रेमाने करून दिली. मी काय बोललो असेन? तत्त्वाचं एक अक्षर नाही. एवढंच म्हणालो, "दादा, माझ्या हातात काही नाही, व्हिप आहे." ते उठून गेले. तो कागद नसता तर मला स्वतःच्या जिवावर नाही म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी माझी ऐपत नव्हती.

तुम्ही तो कागद फक्त सत्तांतराच्या दिवसापुरता ठेवणार. मग बाकीचे दिवस? एकेका विषयाला एकेक भाव फुटेल. सरकार पाडायला लागतात बरीच माणसं, एखादं विधेयक अडवायला वा पास करायला कधीकधी तिघं पुरतात. सरकार विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

तळटीप :

दोघांनाही थोडं थांबवतो. वकिली सवय, माफ करा.

पहिलं, परिशिष्टात ‘व्हिप’ हा शब्दच नाही. पक्षाने दिलेला ‘निदेश’ आहे, आणि तो मोडला तरी पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर अपात्रता नाही. म्हणजे दोरी पूर्णपणे पक्षाच्या हातात. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मतदानाला हे लागू नाही, राष्ट्रपतींच्या निवडणुकीलाही नाही.

दुसरं, कोरा कागद यांची मागणी नवी नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये साधारण हेच सुचवलं होतं. आणि १९९२ चा किहोटो होलोहान निकाल काढून बघा. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने कायदा टिकला हे सगळे सांगतात. त्याच निकालात पुढे असं आहे की सदस्यत्व घालवणारा निदेश विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरता, किंवा ज्या कार्यक्रमावर पक्षाने मतं मागितली त्याचा गाभा असलेल्या विषयापुरता मर्यादित समजावा. आणि तो मोडल्यास अपात्रता येईल हे निदेशातच स्पष्ट असावं. इतक्या वर्षांत कुठल्या पक्षाने व्हिप काढताना ते मनावर घेतलं? सरसकट सगळ्याला तीन ओळींचा, म्हणजे सर्वांत कडक व्हिप.

गंमत म्हणजे कोरा कागद यांना हवी तशी तरतूद शेजारी आहे. पाकिस्तानच्या घटनेतलं कलम ६३अ पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांची निवड, विश्वास-अविश्वास, अर्थविधेयक आणि घटनादुरुस्ती यापुरतंच आहे. तिथे त्यामुळे संसदेत स्वतंत्र आवाजांचा पूर आला का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

वाकडं बोट :

वा. दाराला कुलूप कुठलं लावायचं यावर चर्चा, आणि किल्ली चोराच्या मेव्हण्याकडे.

अपात्रता ठरवतो कोण? सभागृहाचा अध्यक्ष. अध्यक्ष निवडतो कोण? ज्याच्याकडे बहुमत आहे तो. शिवसेनेतल्या फुटीचे अर्ज २०२२ च्या जून-जुलैतले. ११ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल. व्हिप काढणारा प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं, हेही लिहिलेलं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला म्हणून त्यांना परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी योग्य वेळेत घ्यावा म्हणे. तो आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयाने तारखा घालून दिल्यावर. दीड वर्ष. आणि अपात्र किती? दोन्ही बाजूंचे मिळून शून्य.

त्या परिशिष्टातला माझ्या आवडीचा परिच्छेद पाचवा. अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर पक्ष सोडला तर अपात्रता नाही, पद गेल्यावर परत जाताही येतं. कायद्याने दार सताड उघडं ठेवलंय. त्यातून कितीजण बाहेर पडले? लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी १९६७ मध्ये, हा कायदा नसतानाच, पडले होते. पुढचं नाव आठवायला मला चहा घ्यावा लागेल.

ओसरी :

मी या सगळ्यांच्या पलीकडे. कायदाच नको.

१७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं. एका मताने. सैफुद्दीन सोझ यांनी नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश झुगारून विरोधात मत दिलं. कायदा तेव्हा चौदा वर्षं जुना होता. पक्षाने त्यांना काढलं, नऊ दिवसांत लोकसभाच विसर्जित झाली, अपात्रतेचा प्रश्न हवेत विरला. ज्या एका क्षणासाठी कायदा केला, नेमका त्याच क्षणी तो कामाला आला नाही.

कर्नाटकात २०१९ ला तर विलीनीकरणाचीही गरज पडली नाही. राजीनामे दिले, सरकार पडलं. अध्यक्षांनी अपात्र केलं, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता ठेवली पण विधानसभेच्या उरलेल्या मुदतीपर्यंतची निवडणूकबंदी उठवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले बहुतेक नव्या चिन्हावर निवडून आले. मतदारांना चालतंय तर तुम्ही-आम्ही कोण?

दुर्बीण :

@ओसरी, मतदारांना चालतंय म्हणजे सगळं माफ, हा हिशेब मला पटत नाही. पोटनिवडणुकीला जाताना नव्या सरकारचं वजन पाठीशी असतं.

कोरा कागद यांना एक साधा प्रश्न. ब्रिटनचं ६५० खासदारांचं सभागृह आणि ३२ आमदारांचं सिक्कीम यांना एकच औषध कसं? गोव्यात ४०, पुद्दुचेरीत निवडून आलेले ३०. तिथे दोन माणसं खोकली तरी सरकार हलतं. थेरेसा मे यांच्या ११८ जणांना कोण गाडीत घालून रिसॉर्टवर नेणार होतं?

मला जर्मनीचा मार्ग जास्त भावतो: पर्यायी चान्सलर (तिथला सरकारप्रमुख) निवडून दाखवल्याशिवाय आहे तो हटवता येत नाही. १९८२ मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असेच. अर्थात तोही सोवळा नाही. १९७२ मध्ये ब्रांट यांच्याविरुद्धचा असाच ठराव दोन मतांनी पडला, आणि पुढे विरोधी पक्षाच्याच एका सदस्याने ५०,००० मार्क घेतल्याचं सांगितलं. गुप्त मतदान होतं ना.

कोरा कागद :

@दुर्बीण, छोट्या विधानसभांचा मुद्दा मान्य. तिथे सरकारही स्वस्त आणि विधेयकही स्वस्त, याला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

@वाकडं बोट, अध्यक्षांकडून हा अधिकार काढावा यावर आपलं भांडणच नाही. २०२० च्या मणिपूर प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र लवादाचा विचार करा असं संसदेला सुचवलं, अध्यक्षांना निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदतही घालून दिली. काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आल्या आल्या भाजपप्रणीत सरकारात मंत्री झालेले ते गृहस्थ तोवर तीन वर्षं मंत्रीच होते. शेवटी न्यायालयाने त्यांना मंत्रिपदावरून दूर केलं आणि विधानसभेत पाऊल ठेवायला मनाई केली. पण लवाद कितीही निःपक्ष आणा, त्याच्या हातात कायदा हाच असेल तर तोही कलमाला विरोध करणाऱ्या आमदाराला घरीच पाठवेल, फक्त लवकर पाठवेल.

@माजी नगरसेवक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. व्हिप ही ढाल असू शकते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एक भर घालतो: आवाजी मतदान बंद करून प्रत्येक विधेयकावर नावानिशी मत नोंदवावं. जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली तेव्हा एकेक आमदार उभा राहून नाव सांगत होता, १६४ विरुद्ध ९९. तेच रोज करा. विकलं गेलेलं मत निदान कुणाचं ते दिसेल.

पण एक विचारतो, राग मानू नका. ज्या कागदाने तुम्हाला नाही म्हणायची सोय केली, त्याच कागदाने कधी नको तिथे होय म्हणायला लावलं का?

तळटीप :

नावानिशी मतदानाला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाच्या नियमांत बसतं. सदस्यांनी मागणी केली तर आजही मतविभागणी घेता येते. मागत नाहीत, कारण व्हिप असताना निकाल आधीच ठरलेला असतो.

वाकडं बोट :

शिवाय जेवणाची सुट्टी लांबते.

माजी नगरसेवक :

राग कशाला. हो, लावलं.

आमच्या वॉर्डात मैदानाचं आरक्षण होतं. ते उठवायचा फेरबदलाचा ठराव आला, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. त्या मैदानासाठी मी स्वतः प्रचारात सभा घेतली होती, त्याच मैदानावर. आदल्या रात्री व्हिप आला. आधीच्या वेळचाच मजकूर, फक्त विषय क्रमांक बदललेला, शाईसुद्धा तीच फिकी. सभेत मी हात वर केला. बाहेर पोरं उभी होती. मी म्हणालो, "माझ्या हातात काही नाही रे, व्हिप आहे."

वाक्य तेच होतं हे आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. तरी मी माझ्या मतावर आहे. पहिल्या वेळी तो कागद नसता तर मी विकलो गेलो असतो, याची मला खात्री आहे. दुसऱ्या वेळी तो नसता तर मी मैदान वाचवलं असतं, एवढी खात्री मला माझ्याबद्दल नाही.