'डायस्पोरा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात मूळ देश सोडून जगभर पसरलेल्या समाजाला 'डायस्पोरा' म्हटलंय. 'प्रवासी भारतीय' लिहिलं, तर आईने विचारलं, "कुठे निघालेत?" हिंदीतला प्रवासी परदेशात घर करून राहतो, आपला स्वारगेटला एसटीची वाट बघत उभा असतो. 'अनिवासी' चालेल का?

उत्तर १: नको. तो प्राप्तिकराच्या फॉर्ममधला शब्द. दिवस मोजून ठरतो, आणि ठरतो एकेका माणसाचा. शिवाय एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांच्या पणतवंडांना अनिवासी कसं म्हणणार? तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

उत्तर २: मूळ ग्रीक शब्दात बी विखरून पेरण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे शेतकरी त्याला 'फोकणं' म्हणतो. म्हणून 'विखुरलेला समाज' अर्थाने जवळचा, पण ऐकायला पुरातून वाचलेल्या लोकांसारखा वाटतो. 'परदेशस्थ' बरा, फक्त तो एकाच बाजूने बघतो. ज्यू व्यापारी डेव्हिड ससून बगदादहून आले, 1864 मध्ये पुण्यात वारले, लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. बगदादच्या लेखी ते परदेशस्थ. पुण्यात मात्र हॉस्पिटलबद्दल "आजोबांना ससूनला नेलं" म्हणताना ते माणसाचं नाव आहे हेही कुणाच्या ध्यानात नसतं. उलट बाजूला कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू: इस्रायलला गेले आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

उत्तर ३: आमच्या सोसायटीत याला शब्द आहे: "मुलगा बाहेर असतो." नागपूरला असला तर नागपूरला असतो. 'बाहेर' म्हणजे समुद्रापलीकडे, देश विचारायचा नाही. 2022 मध्ये बाहेरच्यांनी भारतात 100 अब्ज डॉलरहून जास्त पाठवले म्हणे. आमच्या मजल्यावर त्यातले दोन बंद फ्लॅट आले. मेंटेनन्स वेळेवर येतो, कुंड्यांना पाणी मी घालतो.

उत्तर २: काका, 'बाहेरचा' म्हटलं की अर्थ पार उलटतो. बाहेर असणारा आपला, बाहेरचा परका. त्यामुळे लेखात नाही चालणार.

प्रश्नकर्ती: शीर्षकात 'परदेशस्थ मराठी समाज' केलंय. मॉरिशसच्या परिच्छेदात ते अडलं, कारण त्यांचा देश तोच. तिथे 'मराठी वंशाचे' लिहिलं. आता न्यू जर्सीत जन्मलेली, आजीशी फोनवर मोडकं मराठी बोलणारी मुलं उरली. त्यांच्यासाठी कुणाकडे काही आहे का?