वेबची चित्रं ‘रंगवलेली’ आहेत म्हणे. मग फाइल उघडा की!

मोजपट्टी
शेजारच्या धाग्यावर तिरपा डोळा यांनी ठोकून दिलंय की वेब दुर्बिणीची चित्रं संगणकावर रंगवतात आणि ‘खरा फोटो’ कुणाला दाखवतच नाहीत. पहिलं अर्धं बरोबर, दुसरं साफ खोटं. म्हणून हे लांबण.

मास्ट हा वेबच्या निरीक्षणांचा संग्रह उघडा आहे. निअरकॅम हा वेबचा अवरक्त कॅमेरा निवडा, कॅलिब्रेशन पातळी ३ (म्हणजे फ्रेम जोडून तयार झालेली चित्रं) घ्या, नावाच्या शेवटी ‘आय२डी’ असलेली फिट्स (खगोलातल्या आकड्यांची) फाइल उतरवा. दर फिल्टरची, म्हणजे तरंगलांबीच्या दर पट्ट्याची, वेगळी असते. उघडलीत की जवळजवळ काळी दिसेल. कारण ताऱ्याचा गाभा आणि धूसर मेघ यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असतो. तो सरळ २५६ छटांत कोंबला की मेघ तळाच्या दोन-चार छटांत चिरडतो. म्हणून लॉग किंवा आर्कसिन्ह ताण द्यायचा, म्हणजे गणिती सूत्राने अंधाऱ्या छटा फाकवायच्या. रंगाचं म्हणाल तर निअरकॅम ०.६ ते ५ मायक्रॉन बघतो आणि आपला डोळा ०.७ लाच हात टेकतो. ४.४ मायक्रॉनचा ‘खरा रंग’ कुठून आणायचा? सर्वांत लांब तरंगाला लाल, सर्वांत आखूडला निळा, मधल्यांना मधले. मनाला येईल तसं रंगकाम नव्हे, क्रम आहे तो.

तिरपा_डोळा
क्रम म्हणे! मग नेपच्यून? व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये टिपला. ढग उठून दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवलेली गडद निळी चित्रं पसरली आणि तेव्हा चित्राखाली छापलेला खुलासा वाटेत गळाला. तो जवळपास युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा आहे हे ठणकावून सांगायला २०२४ उजाडलं. तोवर पाठ्यपुस्तकंसुद्धा निळीशार. आणि तुमच्या ‘उघड्या’ संग्रहात बऱ्याच निरीक्षणांना १२ महिने कुलूप असतं, ते सोयीस्कर विसरलात.

मोजपट्टी
कुलूप निरीक्षण मागणाऱ्या संशोधकासाठी असतं, आपल्यापासून लपवायला नाही. मुदत संपली की फाइल आपोआप खुली होते. पहिल्या वर्षातल्या काही कार्यक्रमांना तर एक दिवसही कुलूप नव्हतं.

खडीवाला
मास्टचं कौतुक पुरे. चांद्रयान-२ चा ओएचआरसी कॅमेरा १०० किमीवरून पिक्सेलला पाव मीटर देतो, ३ किमी रुंद पट्टा. ते बघायला प्रदानवर, म्हणजे इस्रोच्या संकेतस्थळावर, आधी खातं काढा. पीडीएस या नासाच्या ग्रहमोहिमांच्या संग्रहावर थेट दुवा, इथे लॉगिन. का?

अर्धवट_चंद्र
खातं काढायला पाच मिनिटं लागतात. खरी अडचण पुढे आहे. लोक .आयएमजी फाइल फोटो पाहायच्या प्रोग्रॅममध्ये टाकतात आणि ‘फाइल खराब आहे’ म्हणून बोंब मारतात. त्यात नुसते आकडे असतात. किती ओळी, किती रकाने, किती बिट हे शेजारच्या एक्सएमएलमध्ये. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरला तो एक्सएमएल द्या.

खडीवाला
लॉगिनचं उत्तर नाहीच दिलंत.

तिरपा_डोळा
मंगळाच्या रोव्हरचे फोटो बघा. मोठे केले की चौकोनी विटांची भिंत दिसते. ‘एआय’ने धारदार केलं तर खिडक्यासुद्धा.

अर्धवट_चंद्र
आला विटांचा कारखाना! जेपीइजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून दाबतं. आठ पट मोठं केलं की ठोकळ्यांच्या कडा दिसतात, आणि धारदार करणारं सॉफ्टवेअर त्या कडांनाच वस्तू समजून रेघा ओढतं. तपासायचं सोपं: विटेची रुंदी मूळ, मोठं न केलेल्या चित्राच्या पिक्सेलमध्ये मोजा. ८ किंवा १६ आली आणि ठोकळे चित्राच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजून बसले, तर वीट कॅमेऱ्यानंतरची. क्युरिऑसिटी रोव्हरच्या मास्टकॅम कॅमेऱ्याची बरीच चित्रं मंगळावरूनच जेपीइजी होऊन येतात, म्हणून पीडीएसची प्रत घेतली तरी ठोकळे राहतात. तिथे एआय लावणं म्हणजे डागावर इस्त्री.

तिरपा_डोळा
मंगळावरच्या सायडोनिया भागातला तो ‘चेहरा’पण इस्त्रीच का?

अर्धवट_चंद्र
तो १९७६ चा, व्हायकिंग १ यानाचा. पिक्सेलला सुमारे ४३ मीटर, सूर्य क्षितिजाजवळ, आणि प्रक्षेपणात गळलेल्या बिटांचे काळे ठिपके. एक ठिपका नेमका नाकपुडीच्या जागी. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने पिक्सेलला दीड मीटरवर टिपलं, टेकडी निघाली.

खडीवाला
आणि तो खड्डा-टेकडीचा घोळ? उजेड खालून आला की खड्डेच फुगवट्यासारखे दिसतात. लोक चित्र उलटं टांगतात आणि घुमट सापडला म्हणून नाचतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या, नकाशावर बसवलेल्या चित्रांत उत्तर दिशा वर असते, आणि यान तिथल्या दुपारी तीनच्या सुमाराला जातं, म्हणून उजेड बहुधा डावीकडून, पश्चिमेकडून. सूर्याची दिशा आधी बघा, मग घुमट.

तिरपा_डोळा
मोजपट्टी, तुमच्या ‘क्रमा’चं काय? लाल, हिरवा, निळा एकावर एक ठेवला की झालं, इतकंच ना?

मोजपट्टी
इतकंच असतं तर गुरूभोवतीच्या जुनो यानाचा कॅमेरा, जुनोकॅम, कुणालाही जमला असता. यान मिनिटाला दोन गिरक्या घेतं आणि कॅमेरा १६४८ पिक्सेल रुंद, १२८ ओळींच्या पट्ट्या टिपत जातो. कच्च्या चित्रात निळी, हिरवी, लाल अशी चळत असते. आधी १२ बिटांचे ८ केलेले आकडे तक्त्यावरून उलट उलगडा, नाहीतर उजेडाचं प्रमाणच चुकतं. मग दर पट्टीच्या क्षणी यान कुठे होतं ते स्पाइसच्या, म्हणजे यानाची जागा आणि दिशा नोंदवणाऱ्या, फाइलींतून काढा. ते न करता नुसत्या एकावर एक ठेवल्या तर गुरूच्या कडेला लाल-निळी झालर येते. तीच झालर ‘वातावरणाचा गूढ थर’ म्हणून फिरते.

तिरपा_डोळा
बरं बाबा. तरी प्रसिद्ध चित्राखाली फिल्टर लिहितात, ताण किती दिला ते कुठे लिहितात?

मोजपट्टी
हे मात्र खरं आहे. काळा बिंदू, पांढरा बिंदू (कुठला आकडा पूर्ण काळा, कुठला पूर्ण पांढरा धरला) आणि ताणाचा प्रकार एवढ्या तीन गोष्टी खाली छापल्या तर काय बिघडेल कुणास ठाऊक. घ्या, एक गुण तुमच्या पारड्यात.

तिरपा_डोळा
उपकार. दोन फिल्टरच्या आय२डी उतरवल्या, एफ२००डब्ल्यू आणि एफ४४४डब्ल्यू. तारे जुळतच नाहीत. शिवाय चकाकत्या ताऱ्यांच्या पोटात काळी भोकं. काय खोडलंय?

मोजपट्टी
एकाचा पिक्सेल ०.०३१ विकला (आकाशातल्या कोनाचं माप, अंशाचा ३६०० वा भाग), दुसऱ्याचा ०.०६३. आधी दोन्ही एकाच जाळीवर आणा, फाइलीतल्या आकाश-निर्देशांकांवरून. डोळ्याने सरकवू नका. भोकं म्हणजे शोधक भरून वाहिला तिथे नोंदच नाही, आकडा रिकामा. प्रसिद्ध चित्रांत ती बुजवतात.

तिरपा_डोळा
बुजवतात! बघा, म्हणालो होतो ना.

खडीवाला
लॉगिनचं राहिलंच.