वेल्डिंगपूर्वी पत्रा कशाने साफ करावा? घरच्या गॅरेजसंबंधी प्रश्न (वडोदरा)

प्रश्न : मांजलपूरकर

सर्वांना नमस्कार. आमच्या घराच्या तळमजल्यावर दहा फूट रुंद, अठरा फूट लांब आणि दहा फूट उंच असे गॅरेज असून वडिलांची प्रीमियर पद्मिनी तेथे बऱ्याच काळापासून उभी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि डिकीतला पत्रा गंजून गेला आहे. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडण्याचे काम मी स्वतः करणार आहे आणि त्यासाठी लहान इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले आहे. अडचण अशी की, पत्र्यावर ग्रीस, गळलेले ब्रेक ऑइल आणि डांबरी अंडरकोट यांचा जाड थर बसला आहे. थिनर पेट घेईल या भीतीने दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने ब्रेक क्लीनरचा एक स्प्रे कॅन दिला आणि हा पेट घेत नाही, वेल्डिंगच्या जागी निर्धास्त वापरा, असे सांगितले. त्याचे म्हणणे मला पटले होते. परंतु ज्यांची सगळी नोकरी नंदेसरीतल्या रासायनिक कारखान्यांत झाली असे शेजारचे एक गृहस्थ कॅन पाहून म्हणाले की, वेल्डिंगच्या आसपास हा आणूच नका, त्याचा विषारी वायू होतो. सविस्तर विचारण्याआधीच ते परगावी गेले, म्हणून येथे विचारत आहे.

पत्रा पुसून पूर्ण वाळू दिला, तर धोका उरतो का? समोरच्यांना वेल्डिंगच्या उजेडाचा आणि ग्राइंडरच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून मी शटर अर्धे ओढून काम करण्याच्या विचारात आहे आणि तोंडावर एन-95 मास्क लावणार आहे. एवढे पुरेसे होईल का? पेट्रोलच्या टाकीलाही तळाशी बारीक भोक आहे. तीही रिकामी करून याच वेळी जोडून घ्यावी असे मनात आहे.

उत्तर : निवृत्त, सॉल्व्हंट प्लांट

आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. दुकानदारही खोटे बोललेला नाही, मात्र त्याने अर्धेच सांगितले आहे. ब्रेक क्लीनर दोन जातींचे असतात. एका जातीत ॲसिटोन, हेप्टेन, टोल्युइन असे भडकन पेटणारे द्रव असतात. दुसऱ्या जातीत क्लोरीनयुक्त द्रव असतात, बहुधा टेट्राक्लोरोइथिलीन (बाजारात याला पर्क्लोर म्हणतात) किंवा मिथिलीन क्लोराइड, म्हणजे आपल्याकडचे एमडीसी. हे द्रव सहसा पेट घेत नाहीत, आणि ब्रेकचे सुटे भाग थंड अवस्थेत धुण्यासाठी तो गुणच आहे. पण त्यांची वाफ वेल्डिंगच्या आर्कजवळ (रॉड आणि पत्रा यांच्यामधल्या विजेच्या प्रखर ज्योतीजवळ) पोचली की, उष्णता आणि अतिनील किरण या दोन्हींमुळे रेणू तुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हायड्रोजन क्लोराइड व फॉस्जीन तयार होतात. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला वायू तो हा फॉस्जीनच. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनवण्यासाठी फॉस्जीन वापरत असत, आणि 1984 च्या दुर्घटनेच्या तीन वर्षे आधी, 1981 च्या डिसेंबरात, तेथे फॉस्जीन लागून एका कामगाराचा मृत्यू झाला होता. आमच्या पिढीतील प्लांटवाल्यांना हे नाव निराळे शिकवावे लागत नसे.

अतिनील किरणांचा मुद्दा मी मुद्दाम मांडत आहे, कारण वाफ तापलेल्या धातूला लागली तरच वायू बनतो असा समज आहे. आर्कचा प्रकाश जेथवर प्रखर असतो तेथवरची वाफही त्याने तुटू शकते. म्हणून पत्रा कोरडा आहे, पण पर्क्लोरने भिजलेले फडके किंवा झाकण उघडे राहिलेला डबा दोन हातांवर पडला आहे, हीसुद्धा सुरक्षित स्थिती नव्हे.

आता आपल्या गॅरेजचा हिशेब मांडून पाहू. दहा गुणिले अठरा गुणिले दहा, म्हणजे 1800 घनफूट, सुमारे 50 घनमीटर हवा. समजा 50 मिलिलीटर पर्क्लोर मागे राहिले आणि त्यातील केवळ 1 टक्का रेणूंपासून प्रत्येकी एक फॉस्जीनचा रेणू बनला. पर्क्लोरची घनता 1.62 आहे, तेव्हा 50 मिलिलीटरचे वजन 81 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा मोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक). त्याच्या 1 टक्क्यापासून साधारण 120 मिलिलीटर वायू, आणि तो 50 घनमीटरमध्ये सारखा पसरला तर सुमारे 2.4 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 2.4 भाग). आठ तासांच्या कामासाठी मान्य असलेली मर्यादा 0.1 पीपीएम आहे आणि 2 पीपीएम ही जीवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. 1 टक्का हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. प्रत्यक्षात तो कमी असेल किंवा जास्त असेल. तसेच वायू गॅरेजभर सारखा पसरत नाही, तो ओणव्याने काम करणाऱ्याच्या नाकासमोरच बनतो. वासावर विसंबणेही व्यर्थ आहे, कारण कुजकट गवतासारखा तो वास जाणवेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

वाळू दिला तर चालेल का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. सपाट, स्वच्छ पत्र्यावरून पर्क्लोर उडून जाईल, पण त्याचा उत्कलनबिंदू 121 अंश आहे. ॲसिटोनचा 56 आहे. जुन्या मोटारीच्या तळाशी पत्र्याच्या घड्या, स्पॉट वेल्डचे सांधे आणि डांबराचा थर असतो. त्यांत हे द्रव शिरून बसते, डांबरात तर मुरते, आणि सांधा तापला की तेथूनच वाफ निघते. पत्रा वरून कोरडा दिसल्याने आतली खात्री होत नाही.

कॅनवर बारीक अक्षरांत घटकांची नावे किंवा क्रमांक असतील. 127-18-4 म्हणजे पर्क्लोर, 79-01-6 म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, 75-09-2 म्हणजे एमडीसी. काहीच लिहिलेले नसेल, तर मोकळ्या हवेत काचेच्या पेल्यातील पाण्यात थोडा द्रव सोडावा. तो थेंबांच्या रूपाने तळाशी बसला, तर क्लोरीनयुक्त आहे असे धरावे. तरंगला किंवा मिसळला, तरी मिश्रणात क्लोरीनयुक्त काही नाहीच असे त्यावरून सिद्ध होत नाही. ही चाचणी फक्त दोषी ठरवण्याच्या कामाची आहे, निर्दोष ठरवण्याच्या नाही.

एन-95 मास्क कण अडवतो, वायू नव्हे. फॉस्जीनपुढे त्याचा काहीही उपयोग नाही.

उत्तर : वाघोडिया रोड

वरील माहिती शास्त्रीय असेल, पण घाबरवण्याचा सूर जरा जास्त वाटतो. मी अनेक वर्षे सायलेन्सर आणि ब्रॅकेट ब्रेक क्लीनरने पुसूनच जोडत आलो आहे आणि मला साधा खोकलाही झालेला नाही.

उत्तर : मकरपुरा फॅब्रिकेशन

वाघोडिया रोड यांना विचारावेसे वाटते की, कोणता कॅन आणि कोठे? सायलेन्सर बहुधा अंगणात जोडला जातो, आणि बाजारातील पुष्कळसे कॅन पेटणाऱ्या जातीचे असतात. दोन्ही जाती एकाच नावाने विकल्या जातात, त्यामुळे एका कॅनचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. आमच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या बाजूला कोणतेही क्लोरीनवाले सॉल्व्हंट आणायला मनाई आहे, आणि त्यामुळे आमचे काम कधी अडलेले नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो. अंडरकोट आधी पटाशीने आणि पुट्टीच्या पात्याने खरवडून काढायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी तो कडक असतो आणि पापुद्रे सहज सुटतात, उन्हाळ्यात मात्र नुसता चिकटतो. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून काथ्याने घासायचे, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे, उन्हात सुकवायचे. त्यानंतर जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर तरी ग्राइंडरवर वायर ब्रश लावून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करायचे. एवढ्याने तेल जाते. तरीही शेवटचा हात मारायचा असेल, तर फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन, मशीन बंद असताना, शटर पूर्ण उघडून पुसावे, आणि फडके व बाटली दोन्ही अंगणात नेऊन ठेवल्यावरच काम सुरू करावे. ॲसिटोनची वाफ शून्याखाली 18 अंशांनाही ठिणगीने पेट घेते, टोल्युइन असलेल्या थिनरची 4 अंशांच्या आसपास, तेव्हा आपल्या वडोदऱ्याच्या हवेत ती बाराही महिने पेटायला तयारच असते. या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या वर जात नाहीत, लादीवरून सरकत जातात आणि गटारात, तपासणीच्या खड्ड्यात किंवा गाडीच्या पोकळ बीममध्ये साठतात. फडके लोखंडी झाकणाच्या डब्यातच टाकावे.

आपण ज्याबद्दल विचारले नाही, पण विचारायला हवे होते, ते म्हणजे नवा पत्रा. जीआय शीट (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) घेऊ नका, सीआर शीट (मुलामा नसलेला साधा पत्रा) घ्या. जीआयवरचे जस्त 907 अंशांना उकळते आणि लोखंड वितळायला 1500 अंशांच्या आसपास लागतात, म्हणजे जोड लागेपर्यंत जस्ताचा पांढरा धूर तुमच्या छातीत गेलेला असतो. त्याने त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायले की जस्त बाधत नाही, असे आमच्याकडचे जुने कारागीर सांगतात. त्याला कसलाही आधार नाही.

दुसरे, लहान मशीनवर 2.5 मिलिमीटरचा रॉड लावून एक मिलिमीटरच्या जुन्या पत्र्यावर काम केले, तर जोड लागण्याऐवजी भोके पडतील. हे काम सीओटू मशीनचे आहे, म्हणजे रॉडऐवजी 0.8 मिलिमीटरची तार आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड वायू वापरणाऱ्या मशीनचे. रॉडनेच करायचे असेल, तर बारीक रॉड, कमी करंट आणि एकमेकांपासून दूर दूर मारलेले टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके). सीओटू किंवा आर्गनचे सिलिंडर वापरलेत, तर शटर उघडे ठेवण्याचे आणखी एक कारण मिळते: दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत आणि गाडीखाली झोपून काम करणाऱ्याच्या तोंडाजवळचा ऑक्सिजन हटवतात. शेजाऱ्यांना उजेडाचा त्रास होत असेल, तर वेल्डिंगचा पडदा लावावा. तो अंगणाच्या बाजूला, हवा खेळेल एवढे अंतर सोडून टांगावा. शटर ओढू नये. पेडस्टल पंखा पाठीमागून किंवा बाजूने, धूर चेहऱ्यासमोरून बाहेर जाईल असा ठेवावा.

सीट, गालिचा आणि फोम आधी बाहेर काढावेत, बॅटरी सोडवावी. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गॅरेजमध्ये असेल, तर तीही लक्षात घ्यावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. औद्योगिक नियमांत ठिणगीच्या कामाभोवती 11 मीटरपर्यंत जळाऊ वस्तू नसावी असे धरतात; आपले सगळे गॅरेज त्याच्या आत येते. तेव्हा थिनर, रंगाचे डबे आणि पेट्रोलची बाटली यांना काम संपेपर्यंत गॅरेजमध्ये जागा नाही. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा आणि शेवटचा टॅक मारल्यानंतर तासभर तेथून हलू नये. पत्र्याच्या मागच्या बाजूला धुमसणारे डांबर लगेच दिसत नाही.

उत्तर : छातीविकार, सयाजीगंज

वैद्यकीय बाजूने थोडेच सांगतो. जस्ताचा ताप काम संपल्यावर काही तासांनी येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. फॉस्जीनचे रूप निराळे असते. आधी डोळे आणि घसा थोडा चुरचुरतो, मग रुग्णाला बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी 24 तासांनी किंवा त्याहूनही उशिरा, फुप्फुसांत पाणी भरू लागते. मधल्या काळात बरे वाटले म्हणून रुग्ण घरीच थांबतो, हीच खरी अडचण आहे. त्यावर उतारा नाही. ऑक्सिजन आणि देखरेख हेच उपचार. म्हणून क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटजवळ वेल्डिंग झाले आणि घसा चुरचुरला, तर जिने चढणे, गाडी चालवणे असे कोणतेही श्रम न करता 108 ला बोलावून रुग्णालयात जावे, आणि नुसते धूर लागला असे न सांगता कॅन किंवा त्याच्या लेबलचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे. त्या एका माहितीवर रुग्णाला घरी पाठवायचे की ठेवून घ्यायचे हे ठरते.

प्रश्नकर्ता : मांजलपूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंग लावून पाहिले, तेव्हा कॅनच्या तळाजवळ 127-18-4 हा क्रमांक सापडला. अंगणात पाण्याची चाचणीही केली. थेंब सरळ तळाशी गेले. सोडा आणि वायर ब्रशने साफ करण्याचे ठरवले आहे, सीआर शीट सांगून ठेवली आहे. आता या कॅनचे काय करावे, आणि टाकीबद्दल कोणी काही बोलले नाही.

उत्तर : निवृत्त, सॉल्व्हंट प्लांट

दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाकावा, आणि कारण सांगून द्यावा. घेत नसेल, तर वेल्डिंगचे सगळे काम संपून मशीन जागेवर गेल्यानंतर, ब्रेकचे सुटे भाग अंगणात धुण्यासाठी हातमोजे घालून वापरावा. तोवर तो घराच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत राहू द्यावा. गटारात किंवा मातीत ओतू नये. पर्क्लोर पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ते जमिनीत खाली खाली मुरत भूजलापर्यंत जाते, आणि मांजलपुरात अनेकांच्या घरी बोअरवेल आहे.

उत्तर : मकरपुरा फॅब्रिकेशन

टाकीला घरी हात लावू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असताना स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत ते प्रमाण सहज जमते. पाण्याने खळखळून धुतली, तरी गंजात आणि सांध्यांत राहिलेले पेट्रोल तापल्यावर पुन्हा वाफ सोडते. अशी टाकी वाफेवर नीट धुऊन, आतली हवा वायुमापक यंत्राने तपासून, आणि जोडाच्या जागेपर्यंत पाणी भरून किंवा आत निष्क्रिय वायू सोडूनच जोडली जाते. हे ज्याच्याकडे रोज चालते, त्याच्याकडेच ते द्यावे. भोक बारीक असेल, तर पेट्रोलसाठीच बनवलेल्या इपॉक्सीने ते आगीशिवायही बुजते. मात्र डिकीतला पत्रा जोडण्यापूर्वी टाकी गाडीतून पूर्ण काढून गॅरेजबाहेर न्या, आणि पेट्रोलच्या पाइपची जी टोके मागे राहतील त्यांना बुच मारा. ती टोके बहुतेक जण विसरतात.